ऑफर आजच्या आज, कागद मात्र नंतर

महिनाअखेर जवळ आली की माझ्या आर्थिक भवितव्याची चिंता वाहणारा एक तरुण आवाज फोनवर अवतरत असे. जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी वसूल करण्याचे काम बँकेने ज्या एजन्सीकडे सोपवले होते, तिचा हा प्रतिनिधी. टाळेबंदीत पगार निम्म्यावर आला तेव्हा थकलेले 70,000 रुपये महिन्याला साडेतीन टक्के व्याज, विलंब शुल्क आणि त्यावरचा जीएसटी खाऊन 1,84,000 पर्यंत गुटगुटीत झाले होते. ‘‘सर, फक्त 60,000 भरा, फाइल क्लोज. पण ऑफर आज संध्याकाळपर्यंतच!’’ हे तो दर महिन्याला तितक्याच कळवळ्याने सांगे. माझी ऑफर आणि त्याचे टार्गेट एकाच दिवशी संपते, हे ध्यानात आल्यावर माझी घबराट बरीच ओसरली.

एकदा त्याचा फोन सव्वासातला आला. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावलेले आहे, हे मी त्याला नम्रपणे सांगितले. त्याने तितक्याच नम्रपणे माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून आठाच्या ठोक्याला फोन करू लागला. घरातले गजराचे घड्याळ तेव्हापासून बेकार आहे.

देणे मला मान्यच होते. अडत होते ते कागदावर. दोन तृतीयांश रक्कम सोडायला एका पायावर तयार असलेला हा उदार माणूस एक पानभर पत्र द्यायचे म्हटले की कंजूष होई. ‘‘आधी सद्भावना म्हणून 500 टाका, मग लेटर काढतो.’’ सद्भावनेचा हा दर मला स्वस्त वाटला, तरी मी तो नाकारला. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती संपण्यापूर्वी सहीनिशी अंशतः भरणा किंवा लेखी कबुली दिली, तर ती नव्याने मोजली जाते. शिवाय उरलेले कर्ज माफ झाल्याचा पुरावा त्या पाचशेतून थोडाच मिळणार होता!

शेवटी व्हॉट्सॲपवर पत्र आले. बँकेचे बोधचिन्ह आडवे ताणलेले, माझे आडनाव चुकलेले, रक्कम अंकांत 60,000 आणि अक्षरांत ‘सहा हजार फक्त’. धनादेशावर अंक आणि अक्षरे जुळली नाहीत तर 1881 चा कायदा अक्षरांना प्रमाण मानतो. तोच उदात्त न्याय इथे लावून आजच पैसे भरण्याची तयारी मी दाखवली. फोन पलीकडून बंद झाला. पत्राखालचा क्यूआर कोड स्कॅन करून पाहिला, तर बँकेऐवजी कुठल्याशा मोबाइल शॉपीचे नाव उमटले.

मग मी थेट बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असे शेवटी सभ्यपणे जोडले. बँकेच्या अधिकृत ईमेलवरून खरे पत्र आले: कार्डाचा खातेक्रमांक, रक्कम, अंतिम तारीख आणि ही ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असल्याचा स्पष्ट उल्लेख. पैसे मी कार्डाच्या खात्यातच एनईएफटीने भरले, पावती जपली आणि ‘काही देणे नाही’ असा दाखला मिळेपर्यंत बँकेच्या मागे मीच वसुली प्रतिनिधीसारखा लागलो. ‘‘सिबिल एकदम क्लीन होईल,’’ असे मला सांगण्यात आले होते. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या या सिबिलच्या अहवालात प्रत्यक्षात ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले, असा शेरा पडला, जो पुढच्या कर्जाच्या वेळी बँकांच्या कपाळावर आठ्या आणतो. पण तो पडणार हे गृहीत धरूनच मी सौदा केला होता.

पुढच्या महिन्यात भलत्याच एजन्सीचा फोन आला: त्याच कार्डावर 80 टक्के सूट, आजच्या आज. मी दाखल्याची प्रत पाठवली. बराच वेळ शांततेत गेला आणि मग पलीकडून अत्यंत आदराने विचारणा झाली, ‘‘सर, हे बँक खरंच देते?’’