मिलिमीटरभराचा विद्वान

वैशाखात, वर्धा जिल्ह्यात, भरदुपारी पंखा बंद करून बसलेला माणूस एक तर वीजबिल थकवलेला असतो, नाही तर सालीखालचे भुंगेरे ओळखत असतो. मी दुसऱ्यांतला. पंखा लावला की मेलेला भुंगेराही उडतो. बंद केला की कपाळाचा घाम त्याच्यावर टपकतो, आणि दीड मिलिमीटरच्या देहाला एक थेंब म्हणजे महापूर.

या भुंगेऱ्यांच्या प्रजातीचं, म्हणजे अनेक जातींच्या गटाचं, नाव हायपोथेनेमस. संत्र्याच्या बागेत चौकशी केली, तर लोक खोडावरची भुशाची जाळी दाखवतात. ती साल खाणाऱ्या अळीची. तिचा इथं संबंध नाही. आपल्याला हवी पेन्सिलीएवढी वाळकी काडी, टाचणी टोचल्यासारखं भोक पडलेली. ब्लेडनं ती उभी चिरावी. आत माद्या, पांढऱ्या अळ्या आणि नशिबात असला तर एखादा नर. तो मादीहून बुटका, उडता न येणारा. बहुधा बहिणींशीच संसार करून काडीतच संपतो.

सापळाही लावता येतो. प्लास्टिकच्या बाटलीला खिडकी कापायची, तळाशी साबणाचं पाणी आणि आत अल्कोहोलची कुपी टांगायची. मरत्या लाकडाला तोच वास येतो. पण दारूबंदीच्या जिल्ह्यात झाडाला अल्कोहोल टांगणाऱ्याकडं लोक वेगळ्याच आशेनं पाहतात. हात धुवायचं सॅनिटायझर वापरावं. भुंगेरे येतात, माणसं येत नाहीत.

नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत, चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी. बॉलपेनची शाई विरघळते आणि गावाचं नाव निळं पाणी होऊन जातं.

खरा छळ मिशांचा. बांबूतल्या घुणाच्या मिशीचं टोक तीन सुट्या मण्यांचं. आपल्या भुंगेऱ्याचं टोक एकसंध गदेसारखं. इथवर सोपं. मग दांडा आणि गदा यांच्यामधले मणी मोजायचे. हायपोथेनेमसमध्ये ते तीन ते पाच. गदेला चिकटलेला मणी गदेतच दडतो, म्हणून रात्री चार भरतात, सकाळी पाच. भुंगेरा कागदावर चिकटवताना डिंक जास्त झाला तर मिशीच बुडते. पाठीवरच्या खवल्यांसारख्या केसांच्या रांगा पाहाव्यात, तर म्हाताऱ्या मादीचे केस बोगद्यात घासून गेलेले. टक्कल पडलेल्या माणसाची जात केसांवरून सांगा म्हणण्यासारखं आहे हे.

यातल्या सर्वांत पसरलेल्या जातीचं नाव ‘एरुडिटस’, म्हणजे विद्वान. वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाला ती पुस्तकाच्या पुठ्ठ्यात सापडली होती. पुढं याच विद्वानाला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी जात समजून डझनावारी नावं ठेवली. मला त्या सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे; त्यांनीही मणीच मोजले असणार.

शेजारचे काका भिंगात डोकावतात.

‘का जी, औषध कोणतं मारू?’

‘काही नको. हा वाळल्या काडीतच येतो. काडी तोडा, जाळा.’

‘मंग त्याचं नाव कायले पायजे?’

मी पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करतो.