तो नट आवळला कुणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मित्रांनी एकत्र जमून गाड्या दुरुस्त करण्याच्या दिवसाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा वही घेऊन. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाच-सहा हौशी माणसं एका दिवसात चार गाड्या खोलून बसतात ती दुरुस्ती नव्हे, सहल, एका गाडीला दहा हात लागले की जबाबदारी कुणाचीच राहत नाही, कामाला एक मालक हवा, गाडी जॅकवर असताना खाली माणूस नको, ब्रेकला तर अशा दिवशी हातच लावू नये, हे लोक मेकॅनिकच्या पोटावर पाय देतात ते वेगळंच, आणि ‘उरलेलं ब्रेक ऑइल झाकण घट्ट लावून पुढच्या वेळेसाठी ठेवा’ असं सांगणाऱ्यानं लोकांना शिकवायच्या भानगडीत पडू नये.

शेवटचं वाक्य झोंबलं. पण तिथे तुमचंच खरं आहे, म्हणून आधी तेच.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताज्या डॉट 4 ऑइलला (डॉट 4 हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) उकळी फुटायला किमान 230 अंश सेल्सिअस लागतात; ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा 155 वर येते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. सहा जणांनी पुन्हापुन्हा उघडलेली बाटली वर्षभर फळीवर ठेवून पुढच्या वेळी वापरायची म्हणजे हा धोका हातानं भरायचा. मी काटकसरीच्या नादात ते लिहून गेलो. वाक्य काढून टाकलं आहे आणि का काढलं तेही तिथेच लिहिलं आहे.

आता दहा हातांचं. इथे मी तुमच्याशी भांडणार होतो, पण आमच्याच एका दिवसाची गोष्ट आठवली आणि निम्मं भांडण तिथेच संपलं. ऑइल बदलायचं साधं काम होतं. एकानं जुना फिल्टर काढला आणि तेवढ्यात त्याला दुसऱ्या गाडीखाली बोलावणं आलं. नवा फिल्टर दुसऱ्यानं बसवला. अगदी नीट, नव्या रबराच्या रिंगला बोटानं ऑइल फिरवून. जुनी रिंग मात्र फिल्टरबरोबर निघालीच नव्हती, ती इंजिनला चिकटून होती. काढणाऱ्याला वाटलं, बसवणारा जागा पुसेलच. बसवणाऱ्याला वाटलं, पुसलेलीच असणार. एकावर एक दोन रिंगा. गाडी सुरू केली आणि काही क्षणांत नवंकोरं ऑइल धारेनं जमिनीवर. इंजिन लगेच बंद केलं म्हणून वाचलं. ‘अरे, मला वाटलं तू...’ हे वाक्य त्या दिवशी मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढचे सगळे नियम त्या एका वाक्याविरुद्ध केलेले आहेत.

हे नियम लेखात मी घाईघाईत उरकले, ती चूक माझी. ज्यानं काढलं त्यानंच बसवायचं. मध्ये उठावं लागलं तर काम तसंच पडू द्यायचं, दुसऱ्यानं ‘तेवढं करून टाकतो’ म्हणायचं नाही. जे उघडं आहे ते कागदी चिकटपट्टीवर लिहून ती पट्टी स्टिअरिंगवर चिकटवायची: ‘ऑइल भरलेलं नाही’, ‘पुढचं डावं चाक कच्चं’. पट्टी चिकटवणाऱ्यानंच काढायची. ती असेपर्यंत किल्ली मालकाकडेही नाही.

मग किल्ली कुणाकडे? आमच्यात एकाचे हात दिवसभर कोरडे असतात. तो पान्याला हात लावत नाही. किल्ल्या त्याच्या खिशात, कामाची यादी त्याच्याकडे, आणि ‘हे आज नाही’ म्हणायचा अधिकारही त्याचाच. पाळी फिरती ठेवली आहे, कारण खरं सांगायचं तर हे काम कुणालाच नको असतं. सगळे खटपट करत असताना नुसतं उभं राहायचं म्हणजे शिक्षाच वाटते. पण तुम्ही म्हणता तो ‘कामाचा एक मालक’ गर्दीत मिळवायचा मला तरी हाच मार्ग सापडला.

चाकाच्या नटांचंही तसंच. चाक जमिनीवर टेकल्यावर, समोरासमोरचे नट आळीपाळीनं, टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्यानं, आवळायचे आणि आवळून झालेल्या प्रत्येक नटावर खडूची रेघ. पुष्कळशा छोट्या गाड्यांना 100 न्यूटन-मीटरच्या (आवळण्याचा जोर मोजायचं एकक) आसपास लागतं, पण आकडा त्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यायचा. ऑइलच्या चेंबरच्या, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या, बोल्टला बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी जोर पुरतो, आणि चाकावरून उठलेला माणूस त्याच जोरात तो बोल्ट आवळायला बसला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेलेच म्हणून समजा. गाडी जॅकवर असताना खाली माणूस, हा तुमचा आक्षेप मात्र मला लागू नाही. जॅक उचलायला, स्टँड पेलायला, आणि स्टँडवरची गाडी हलवून पाहिल्याशिवाय कुणी खाली जात नाही, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

मेकॅनिकच्या पोटाबद्दल एवढंच, की आमच्या यादीतली जवळजवळ निम्मी कामं शेवटी गॅरेजलाच जातात. फरक इतकाच पडतो, की मालक ‘काहीतरी आवाज येतो’ असं न सांगता ‘डावीकडे वळताना उजव्या पुढच्या चाकातून घरघर येते’ असं सांगतो. तुम्ही तीस वर्षं गॅरेज चालवलंत असं लिहिलं आहे. यातलं कुठलं गिऱ्हाईक तुम्हाला बरं वाटेल ते तुम्हीच सांगा.

राहिला ब्रेक. लेखात मी ‘पॅड बदलणं सोपं आहे’ असं लिहिलं आणि ते खोटं नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड चाकाच्या चकतीवर दाबणारा भाग, सोडवून तारेनं टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. त्यातला, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबायचा. नवे पॅड बसवायचे. जे लिहिलं नाही ते आता लिहितो. एकदा आम्ही पुढचे पॅड बदलले, चाकं चढवली, खडूच्या रेघा मारल्या, पट्टीसुद्धा निघाली. मालकानं गाडी हळूच मागे घेतली आणि ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल थेट तळाला. पिस्टन मागे गेलेला असतो. पेडल चार-सहा वेळा दाबून तो पॅडला टेकवल्याशिवाय पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. ते दाबायचं राहून गेलं होतं. त्यानं हँडब्रेक ओढला, तो मागच्या चाकांवर असतो म्हणून गाडी थांबली. गाडीच्या मागे भिंत होती. भिंतीपाशी आमचा एक जण हत्यारं पुसत बसला होता. त्यानं मान वर करून ‘काय झालं?’ असं विचारलं, आणि कुणालाच लगेच उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी कोरड्या हातांचा माणूस मीच होतो. किल्ली मीच दिली होती.

म्हणून ब्रेकबद्दल मी तुमचं म्हणणं जवळजवळ पूर्ण मान्य करतो. जवळजवळ अशासाठी, की चाक काढलेलंच असेल तर पॅड किती उरलेत, नळीला तडे गेलेत का, कुठे ओल दिसते का, हे बघायला मी कुणाला अडवणार नाही. बघायचं, लिहून घ्यायचं, चाक चढवायचं. काम गॅरेजमध्ये.

पुढच्या वेळच्या यादीत पाच कामं आली होती, त्यातली दोन ब्रेकची. ती काढून टाकल्याचं मी काल दोघांना कळवलं. एक जण ‘बरं’ म्हणाला. दुसरा, हत्यारं पुसत बसलेला तोच, म्हणतो आहे की पेडल दाबायचं आता आपण जन्मात विसरणार नाही, मग अडचण काय? त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. यादीत मात्र त्याची गाडी नाही.