ट्रे उचलायला काय होतं हो?

आज डोकं इतकं फिरलंय की जेवून घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

दुपारी इथे सिंगापुरात टेक्का सेंटरला, म्हणजे एका हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याचे गाळे आणि सगळ्यांसाठी टेबलं), शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आलं. फिरायला आलेलं कुटुंब. बोलायला उठणारच होते, तेवढ्यात त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा आपणहून ट्रे घेऊन उभा राहिला. वडील म्हणाले, "ठेव रे तिथेच. त्यांना त्याचाच पगार मिळतो."

'त्यांना' म्हणजे पंच्याहत्तरीच्या आसपासची एक आंटी. पाठीत वाकलेली. एका हाताने खरकटं बादलीत ओढायचं, दुसऱ्याने टेबल पुसायचं, मध्येच उष्ट्या बिर्याणीवर तुटून पडलेल्या साळुंक्या हाकलायच्या. ट्रे ठेवायचा रॅक दहा पावलांवर होता हो! हलालचा वेगळा, बाकीचा वेगळा, वर ठळक पाटी.

आणि हीच मंडळी घरी जाऊन सांगणार, "सिंगापूर काय चकाचक! दंड आहे ना तिथे." आहे, दंड आहे. १९९२ पासून च्युइंगगम विकायला बंदी आहे, २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये टेबलावर ट्रे सोडून गेलात तर कारवाईही होते. पण दंड येऊन फरशी पुसतो का? आपण डोळे चोळत एमआरटी (इथली मेट्रो) गाठतो तोवर आमच्या एचडीबी ब्लॉकखालचा (सरकारी घरांच्या इमारतीखालचा) कचरा कुणीतरी झाडून नेलेला असतो. बहुतेक वेळा एखादा बांगलादेशी पोरगा, घरापासून लांब राहून पैसे पाठवणारा. तो कुणाच्या रीलमध्ये दिसत नाही. मरिना बे दिसतं.

इथलेही काही संत नाहीत, मान्य. तेही ट्रे उचलत नव्हते, म्हणून तर कायदा करावा लागला. आणि घरात बसवत नाही म्हणून काम करणारे म्हातारे आहेत, हेही खरं. म्हणून त्यांच्यासमोर हाडकं पसरून निघून जायचं?

त्या बापाचा आवाज अजून कानात आहे. 'पगार मिळतो.' हे वाक्य आपण कुठून शिकलो ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, रेल्वेच्या डब्यात. उष्टं काढणारा माणूस वेगळाच असतो असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि विमानात बसताना ते आपण सोबत घेऊन येतो.

२०२० मध्ये युनेस्कोने इथल्या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. मला फार आनंद झाला होता. चारी जातीधर्मांची माणसं एका टेबलावर, कुणाची चिकन राइस, कुणाचा डोसा, बाजूला तेह तारिक, म्हणजे फेसाळ दुधाचा चहा. पण ते टेबल पुसतं कोण?

ही आंटी मला ओळखते. आमची भाषा एक नाही. गर्दीत मी गरम वाटी घेऊन घुटमळताना दिसले की कोपरा पुसते, बोटाने टेबलावर टकटक करते, म्हणजे ये, बस. आईची आठवण येते मला, काय करू.

राग त्या मुलाचा नाहीच. त्याला कुणी न सांगता सुचलं होतं, आणि सख्ख्या बापाने त्याला खाली बसवलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे पाहुणे येतायत. भाऊ, वहिनी, दोन्ही पोरं. भाऊ ही पोस्ट वाचणार आहेच, म्हणून इथेच सांगते: दादा, टेक्काला जेवायला नेईन, बिल माझं. ट्रे तू उचलायचास, पोरांच्या देखत.