जन्मतारीख १ जून

रुग्णांच्या डिजिटल नोंदींवरच्या एका लेखात म्हटलंय की आभा क्रमांक (रुग्णाच्या डिजिटल आरोग्य-ओळखीचा क्रमांक) काढला की रुग्णाची सगळी कागदपत्रं एका जागी गोळा होतील. तसं नाही. हा क्रमांक देणाऱ्या केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंदी ज्या त्या दवाखान्याकडेच राहतात. १४ अंकी आभा क्रमांक त्यांना जोडतो आणि रुग्णाने संमती दिली की त्या दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. म्हणजे मूळ नोंद गचाळ असेल तर गचाळच पुढे जाणार.

मी हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो. खरी डोकेदुखी केसपेपरच्या खिडकीवर असते. नाव आणि जन्मतारखेवरून जुना पेशंट शोधायचा म्हटलं, तर गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली १ जून हीच कितीतरी जणांची जन्मतारीख! त्यात लग्नानंतर नाव बदललेलं, मधे कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. मग एकाच बाईच्या दोन फायली होतात. किंवा त्याहून वाईट, दोघींची मिळून एक.

अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा असेल तर काय समजायचं, 'नाही' की 'विचारलंच नाही'? दोन्ही पर्याय वेगळे हवेत. नुसतं सक्तीचं केलं की गर्दीच्या ओपीडीत माणसं न विचारता 'नाही' दाबून मोकळी होतात, आणि पेनिसिलिनच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं.

लेखकाने सुचवलेलं डिलीटचं बटण तर नकोच. चुकीची नोंद खोडलेली दिसली पाहिजे, कोणी आणि कधी खोडली यासकट.