कोण यायचं थांबलंय, ते बघा

सध्या ज्याला भेटावं तो एकच विचारतो. आयटीत नोकऱ्या जातायत, बोनसचा पत्ता नाही, इन्क्रिमेंट नावापुरतं, मग फाइव्ह स्टार हॉटेलं अजून स्वस्त कशी होत नाहीत? हिंजवडी-खराडीची मंडळी तर अशा सुरात विचारतात की जणू हॉटेलवाल्यांनी त्यांना शब्द दिला होता आणि तो मोडला. मी बरीच वर्षं हॉटेलच्या रिझर्व्हेशनमध्ये आणि नंतर सेल्समध्ये काढली. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

तुमच्या कंपनीत मंदी आली म्हणून ती उदयपूरच्या महालातल्या हॉटेलात येत नाही. तो महाल तुमच्या जिवावर चालतच नव्हता. तो चालतो लग्नांवर, आणि लग्नं काही थांबलेली नाहीत. खोलीचा भाव ठरतो एकाच गोष्टीवर: त्या खोलीत एरवी येणारा माणूस येतोय की नाही. तो यायचा थांबला की भाव पडतो, मग देशात तेजी असो नाहीतर मंदी. म्हणून ‘कुठल्या ॲपवर डील आहे?’ हा प्रश्न मला नंतरचा वाटतो. आधी हे बघायचं की इथे कोण यायचं, आणि आता का येत नाही.

२००८ चं उदाहरण मला फार आवडतं. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज देऊन वाचवलं. आणि त्यानंतर आठवडाभरात एआयजीच्याच एका उपकंपनीने कॅलिफोर्नियातल्या सेंट रेजिस रिसॉर्टमध्ये आपल्या एजंटांची बडदास्त ठेवली. बिल ४ लाख ४० हजार डॉलरच्या वर, त्यात स्पाचाही खर्च! ऑक्टोबरमध्ये हे अमेरिकी संसदेत निघालं आणि एकच बोंबाबोंब झाली. त्यानंतर ज्यांच्याकडे पैसे होते त्या कंपन्यांनीसुद्धा आलिशान हॉटेलांतल्या बैठका धडाधड रद्द केल्या. खर्च परवडत नाही म्हणून नव्हे, उद्या आपलं नाव पेपरात येईल म्हणून. धंद्यात याला ‘एआयजी इफेक्ट’ असं नावच पडलं.

त्याचा फटका कुणाला बसला? लास वेगासला. तिथे खोलीचा सरासरी भाव २००७ मध्ये १३२ डॉलर होता, तो २००९ मध्ये ९३ वर आला. पण खोल्या रिकाम्या पडल्या म्हणाल तर तसंही नाही. त्या वर्षीही तिथल्या ८० टक्क्यांहून जास्त खोल्या भरलेल्या होत्या. फक्त भरणारी माणसं बदलली. कंपनीच्या पैशाने येणारा गेला आणि स्वतःच्या खिशातून देणारा आला. जो बेड, जो बाथटब कॉन्फरन्सवाल्यांसाठी राखलेला असायचा, तो शाळामास्तराला मिळाला. मंदीतली खरी डील म्हणतात ती ही.

आता उलटं उदाहरण. कोविडमध्ये अर्थव्यवस्था आडवी झाली होती, त्याबद्दल वाद नाही. पण २०२१ च्या डिसेंबरात गोव्यात बरी खोली मागायला गेलेल्यांना विचारा. परदेशी पाहुणा जवळपास नव्हता, त्याला घेऊन येणारी चार्टर विमानंही जेमतेम, तरी भाव चढे. कारण युरोप, थायलंडला जाणारा आपलाच पैसेवाला माणूस अडकून पडला होता, आणि तो सगळा गोव्यात उतरला. मंदी आहे म्हणजे हॉटेल स्वस्त, हे गणित तिथे सपशेल फसलं.

तर आज आपल्याकडे कोण यायचं थांबलंय?

पुण्यापासूनच सुरू करू. इथली बिझनेस हॉटेलं सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या माणसांवर जगतात. शुक्रवारी सकाळी नऊला लॉबीत या आणि बघा. कॅशियरसमोर ट्रॉली बॅगांची रांग, प्रत्येकाला जीएसटी नंबर टाकलेलं बिल हवं, बाहेर एअरपोर्टच्या गाड्या. दुपारी दोनला त्याच लॉबीत फक्त फुलांवर पाणी मारणारा मुलगा. शनिवार-रविवार हॉटेल अर्धं रिकामं, आणि कंपन्यांनी प्रवासावर कात्री लावली की आठवड्यातले दिवसही हलके होतात. पण आपण पुणेकर पुण्यातल्या हॉटेलात राहायला जातोय का? ‘घर सोडून गावातच कशाला?’ असं म्हणतो आणि त्याच शनिवारी लोणावळ्याला दुप्पट भाव मोजतो, शिवाय घाटात तीन तास गाडीत बसतो ते वेगळंच.

गोव्याचं उलट आहे. तिथे शुक्रवार-शनिवार महाग आणि रविवारची रात्र स्वस्त, कारण रविवारी दुपारी मुंबई-पुण्याच्या गाड्या परत निघतात. एक दिवस रजा टाकून रविवार ते मंगळवार गेलात, तर त्याच रिसॉर्टमध्ये फरक जाणवतो. पावसाळ्यात आणखी. चार्टर साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, किनाऱ्यावरचे शॅक जूनच्या आधीच उतरवलेले, समुद्र खवळलेला. ज्याला किनाऱ्यावर पडून राहायचंय त्याच्यासाठी हे नाहीच. पण ज्याला व्हरांड्यात बसून पाऊस बघायचाय, त्याच्यासाठी हॉटेल तेच, नोकरचाकर तेच, भाव मात्र डिसेंबरच्या जवळपाससुद्धा नाही.

आणि एक खास आपला हिशेब, जो ॲपला कळत नाही: पंचांग. पितृपक्ष, चातुर्मासातले बिनमुहूर्ताचे दिवस, अधिक महिना. ज्या हॉटेलांचा संसार लग्नांवर चालतो, तिथला सेल्स मॅनेजर मुहूर्तांची यादी समोर ठेवूनच बसतो. मीही बसायचे. मुहूर्त नाही त्या पंधरवड्यात बँक्वेट हॉल कुलूपबंद असतो आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी अडवून ठेवलेल्या खोल्या मोकळ्या होतात. पितृपक्षात मजा कशी करायची, ही ज्यांची अडचण आहे त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीची वाटी देण्याऐवजी लेक-जावयाला दोन रात्रींची खोली घेऊन दिली तर जावई नक्की जास्त खूश होईल. (आमच्याकडे हे सुचवून बघितलं. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

दुसरी गोष्ट. हॉटेल अडचणीत असलं तरी भाव उघडपणे खाली आणत नाही. खाली आणलेला भाव लोक विसरत नाहीत. वर्षाच्या शेवटी कंपन्यांशी पुढच्या वर्षाचे दर ठरतात, तेव्हा समोरचा माणूस मोबाइल काढून दाखवतो, ‘मॅडम, तुम्ही तर जुलैत सहा हजारांना देत होता.’ म्हणून भाव धरून ठेवायचा आणि बाकी सगळं द्यायचं, ही पद्धत. नाश्ता, वरच्या मजल्यावरची खोली, उशिरा चेकआउट, जेवणावर सूट. चौघांच्या कुटुंबाला दोन दिवसांचा बुफे नाश्ता पाटीवरच्या भावाने किती होतो ते एकदा जोडून बघा. हॉटेलला त्याचा खर्च त्याच्या कितीतरी कमी येतो, म्हणून ते हात सैल सोडतात.

पण हे मागावं लागतं, आणि फोनवर मागावं लागतं. टोल फ्री नंबरवर नाही, तो कुठल्यातरी कॉल सेंटरला लागतो. त्या हॉटेलचाच नंबर, दुपारी तीन-चारनंतर, चेक-इनची गर्दी ओसरल्यावर, आणि रिझर्व्हेशनला जोडून मागायचं. ‘अमुक साइटवर हा रेट दिसतोय, थेट तुमच्याकडे बुक केलं तर काय द्याल?’ एवढंच. पलीकडची मुलगी ‘एक मिनिट होल्ड करा मॅडम’ म्हणेल, स्क्रीनवर त्या रात्रीचा आकडा बघेल आणि परत येईल. ‘रेट नाही कमी करता येणार, पण ब्रेकफास्ट ॲड करते आणि चार वाजेपर्यंत लेट चेकआउटची नोट टाकते.’ ती हे सहज देते, कारण साइटला जाणारं कमिशन वाचतं. स्वतःच्या वेबसाइटवर हॉटेलं स्वस्त भाव लावत नसत त्याचंही कारण होतं: बुकिंग साइटशी केलेले करार, साइटपेक्षा स्वस्त विकायचं नाही असे. २०२२ च्या ऑक्टोबरात भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींच्या वर दंड ठोकला, त्यात हॉटेलांवर घातलेल्या अशा अटींचा मुद्दा होता. फोनवरचं बोलणं मात्र साइटवर दिसत नाही.

आता टॅक्स. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलात की १८. छापील भाव कितीही असो, तुमच्याकडून प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर हे ठरतं. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,८०० ची पडते ९,२०४ ला. भाड्यात फरक तीनशेचा, खिशातून जाणारा फरक १,३२९ चा. त्यामुळे ॲपवर खोली ७,६००, ७,८००, ८,००० अशी दिसली की तीच फोनवर घासाघीस करायची जागा. ‘साडेसातला बसवा’ म्हणायचं. हॉटेल कुरकुर करेल, कारण ५ टक्क्यांच्या खोलीवर त्यांना इनपुट क्रेडिट (स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणजे त्यांचं नुकसान फक्त तीनशेचं नसतं. पण रिकाम्या रात्री बहुतेक बसवतात. जिथल्या खोल्या साडेसात हजारांच्या वर विकल्या जातात तिथे जेवणावरही सहसा १८ टक्के लागतात, हेही धरून चाला. ॲपवर भल्यामोठ्या आकड्यावर रेघ मारून शेजारी लहान आकडा दाखवतात, त्यातल्या रेघ मारलेल्या आकड्याकडे बघूसुद्धा नका. त्या भावाने तिथे कुणी राहत नाही.

आता जरा कडक बोलते. हे सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हातात पैसे आहेत. ज्याची नोकरी डळमळीत आहे, घराचा हप्ता चालू आहे आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला नाही, त्याच्यासाठी अर्ध्या भावातली खोलीसुद्धा महागच. ‘आत्ता फिरा, नंतर भरा’वाल्यांची तर मला चीडच येते. नो-कॉस्ट ईएमआय म्हणे! व्याजाएवढी सूट विक्रेत्याने आधी दिलेली असते, म्हणजे एरवी मिळू शकणारी सूट गेली, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी. आणि क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्के, कधी त्याहूनही जास्त व्याज. फोटोला लाइक येऊन विसरले जातात, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो.

मंदीत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे आगाऊ भरलेले पैसे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमानं थांबली. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला ब्रिटनची १७८ वर्षांची पर्यटन कंपनी थॉमस कुक एका रात्रीत बंद पडली, जिची चार्टर गोव्यातही उतरायची (आपल्याकडची थॉमस कुक वेगळी कंपनी आहे, तिचा याच्याशी संबंध नव्हता). ३ मे २०२३ ला गो फर्स्ट ही विमान कंपनी. प्रत्येक वेळी लोकांचे तिकिटांचे पैसे अडकले. म्हणून पुढच्या वर्षीचं व्हाउचर आज निम्म्या किमतीत मिळत असलं तरी मी घेत नाही. देणारा एवढा घाईला आलाय याचा अर्थ त्याला रोख हवी आहे. आणि नॉन-रिफंडेबल भाव चार पैसे स्वस्त असला तरी या दिवसांत रद्द करता येणाराच घ्यावा, कारण आपलाही भरवसा नाही. वर त्याचा फायदा असा की बुकिंग करून ठेवायचं आणि अधूनमधून भाव बघत राहायचं. उतरला तर नवं करायचं, जुनं रद्द.

‘लोकांच्या नोकऱ्या जातायत आणि तुम्ही फाइव्ह स्टारमध्ये?’ असंही ऐकवलं जातं. एआयजीवर लोक चिडले ते बरोबरच होतं, ते दुसऱ्याच्या पैशाने मजा करत होते. स्वतःच्या साठवलेल्या पैशाने दोन रात्री कुठे राहणाऱ्याने कुणाचं काही घेतलेलं नाही. उलट हॉटेल रिकामं राहिलं की पहिली कुऱ्हाड कुणावर पडते ते मी आतून बघितलंय. जनरल मॅनेजरवर नाही. ‘उद्यापासून सहा जण कमी पाठवा’ असा फोन कंत्राटदाराला जातो, आणि ते सहा जण हाऊसकीपिंगचे असतात, एका शिफ्टमध्ये पंधरा-सोळा खोल्या आवरणारे. त्यामुळे टीप द्यायची असेल तर बिलात लिहू नका, खोली आवरायला येणाऱ्याच्याच हातात द्या. बिलात लिहिलेली टीप किती महिन्यांनी आणि कुणापर्यंत पोचते, तेही मी आतूनच बघितलंय.