मशीनचं प्रेशर

मासेमारीबंदी 31 जुलैला संपली आणि मामांच्या होडीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन दम टाकायला लागलं. वर्सोवा कोळीवाड्यात आधी निदान होतं, तपासणी मागाहून, झालीच तर. एक जण दोरी ओढून म्हणाला, "रिंगा गेल्या." दुसरा न ओढताच म्हणाला, "गॅस्केट." तिसऱ्या काकांनी नुसत्या आवाजावरून पिस्टन गेल्याचं जाहीर केलं. मशीन तेव्हा बंद होतं.

मी नागदेवी स्ट्रीटवरून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा, आणला. मशीन पाण्यातच थोडं गरम केलं. कोरडं फिरवलं तर थंडाव्यासाठी पाणी खेचणाऱ्या पंपाचं चाक, इंपेलर, जळतं. मग दोन्ही प्लग काढले, ठिणगी उडू नये म्हणून वायरी मशीनच्या ब्लॉकला अर्थिंग केल्या, एका प्लगच्या भोकात गेज बसवला, थ्रॉटल पूर्ण उघडला.

"प्लग काढल्यावर मशीन चालू कसं होणार?" मामा.

"चालू करायचंच नाहीये."

"मग दोरी कशाला ओढतोस?"

याला उत्तर असतं, पण धापा टाकताना ते सुचत नाही. काटा चढायचा थांबेपर्यंत ओढायचं, मग गेज दुसऱ्या सिलिंडरला लावून पुन्हा तेच. ज्याने कोणी हे काम शोधलं, त्याच्याकडे सेल्फ-स्टार्ट असणार.

वरचा सिलिंडर 115, खालचा 110. मी आकडे मोठ्याने वाचले, तर घरातून मामी म्हणाल्या, "यांचं प्रेशर एवढं उतरलं कसं?"

आकडा मशीनगणिक बदलतो. बघायचा तो दोन सिलिंडरमधला फरक. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असला की ठीक. एक सिलिंडर पडला असता तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं असतं, ऑइलने फट बुजून आकडा चढला की दोष पिस्टनच्या रिंगांचा. शेजारचे दोन्ही एकदम पडले असते तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर. इथे रिंगा, गॅस्केट, पिस्टन तिघेही निर्दोष सुटले आणि तिन्ही डॉक्टर एकमुखाने म्हणाले, "गेज खोटा आहे."

दोष निघाला कार्ब्युरेटरचा. बंदीभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा त्याच्या जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकात, बसला होता. तो साफ केला, मशीन सुरळीत.

गेज मात्र परत मिळालेला नाही. पिस्टनवाले काका तो पिशवीत घालून होड्या तपासत हिंडतात. मान फक्त त्यांचा. दोरी ओढायला मला फोन येतो.