‘पुरासाठी वॉकीटॉकी घ्या, परवाना लागत नाही’ या संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर परिसरातील व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश फिरू लागतो. दीड-दोन हजारांचा वॉकीटॉकी ऑनलाइन मागवून ठेवा, मोबाइल बंद पडले तरी त्यावरून पन्नास किलोमीटर बोलता येते, परवाना लागत नाही आणि आणीबाणीत तर कोणताच नियम लागू होत नाही, असा त्याचा आशय असतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना हा सल्ला पटावा, हे स्वाभाविक आहे. कारण वीज गेली की मोबाइलचे टॉवर बॅटरीवर आणि जनरेटरवर चालतात, आणि रस्ते पाण्याखाली असले तर डिझेल पोहोचत नाही. गरज खरी आहे, पण हा सल्ला धोक्याचा आहे.

प्रथम परवान्याविषयी. २०१८ मध्ये परवान्यातून सूट मिळाली ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना. स्वस्तात विकले जाणारे बहुतेक संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि त्याशिवाय ४०० मेगाहर्ट्झच्या वरच्या विस्तृत पट्ट्यात चार-पाच वॉटने प्रक्षेपण करू शकतात, त्यामुळे ते या सवलतीत बसत नाहीत. त्याच विस्तारात पोलिसांसारख्या यंत्रणांचे बिनतारी संदेश चालतात. बचावकार्य चालू असताना अजाणतेपणी त्यांच्या वाहिनीवर बटण दाबून धरणारा माणूस दुसऱ्या कोणाची तरी हाक बुडवत असतो, आणि माझा मुख्य आक्षेप दंडापेक्षा या गोष्टीला आहे.

पन्नास किलोमीटरचा दावा भूगोलाकडे पाहून तपासावा लागतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मोकळ्या सपाटीवर रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचे, तर अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्याला सुमारे ४.१ ने गुणावे. तोंडाजवळ, म्हणजे दीड मीटरवर, धरलेल्या संचासाठी हे अंतर पाच किलोमीटर येते. दोघेही तसेच उभे असतील तर दहा, आणि मध्ये इमारती, ऊस व झाडे असतील तर त्याहून बरेच कमी. पन्हाळा किंवा जोतिबाच्या माथ्यावरून मात्र तोच संच पन्नास किलोमीटर सहज गाठू शकेल. म्हणूनच उंचावरचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, मोलाचा ठरतो. गगनबावडा किंवा राधानगरीच्या दऱ्यांत तर डोंगरच आड येतो आणि शक्ती वाढवूनही फारसा उपयोग होत नाही. तेथे ७ मेगाहर्ट्झचा पट्टा कामी येतो: सुमारे वीस मीटर लांबीची तार जमिनीपासून काही मीटर उंचीवर आडवी बांधली, तर दिवसा लहरी जवळपास सरळ वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि डोंगर ओलांडून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघात उतरतात. पण त्यासाठी वेगळा संच, बारा व्होल्टची बॅटरी आणि हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना हवा.

आणीबाणीत नियम नसतात, या समजुतीला एक अर्धसत्य चिकटलेले आहे. संकटात सापडलेल्या रेडिओ केंद्राला लक्ष वेधण्यासाठी हाताशी असलेले कोणतेही साधन वापरू द्यावे, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत आहे. ती जिवावर बेतलेल्यांसाठी आहे; पूर आला म्हणून गावभर विनापरवाना जाळे चालवण्याची मुभा तिच्यातून निघत नाही. भारताच्या १९७८ च्या हौशी रेडिओ नियमांत तर पूर, भूकंप, वादळ अशा आपत्तींचा स्वतंत्र विचार आहे: एरवी त्रयस्थांचे निरोप पोहोचवण्यास मनाई असलेल्या परवानाधारकाला जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांकडून आलेले आणि त्यांना पाठवायचे आपत्तीविषयक संदेश हाताळण्याची परवानगी मिळू शकते. म्हणजे आणीबाणीसाठी नियम आधीच लिहून ठेवलेला आहे.

संच कपाटात ठेवला की तयारी झाली, हा संदेशातला गर्भितार्थ मला सर्वांत घातक वाटतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून हॅमचालकांनी संदेश पोहोचवले, ते भारती प्रसाद यांचे पथक परवानगी घेऊन आधीच तेथे दाखल झालेले होते आणि त्यांचे केंद्र चालू होते म्हणून. खरखरणाऱ्या आवाजात ‘शिरोळ’ आणि ‘शिरोली’ यांत सहज गल्लत होते. एक जिल्ह्याच्या पूर्वेला कृष्णाकाठचा तालुका, दुसरे पंचगंगेच्या पुलापलीकडचे गाव. बोट चुकीच्या ठिकाणी गेली तर वेळ जातो तो पाण्यात अडकलेल्यांचा. म्हणून गावाबरोबर तालुका सांगावा, आकडे एकेक अंक सुटा उच्चारून द्यावेत, ऐकणाऱ्याने संपूर्ण निरोप परत म्हणून दाखवावा, आणि कोणी कधी बोलायचे हे नियंत्रक केंद्राने ठरवावे. ही शिस्त कोरड्या दिवसांत सराव केल्याशिवाय अंगी येत नाही.

परवाना सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे, असेही काही जण या संदेशाला जोडून पाठवतात. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला कोणीही भारतीय नागरिक दूरसंचार विभागाची परीक्षा देऊ शकतो, आणि प्राथमिक, म्हणजे रिस्ट्रिक्टेड, श्रेणीसाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची, चाचणीही नसते. विचारले जाते ते विजेचे व रेडिओचे मूलभूत ज्ञान आणि नियम.